उंबऱ्यापासून न्हाणीपर्यंत

फलटणमध्ये कमला निंबकर हे नाव घेतलं की लोकांसमोर शाळा येते, प्रगत शिक्षण संस्थेचं बालभवन. ज्यांच्या नावाने ती चालते त्या बाई जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली फलटणला शेतीसंशोधनाची संस्था काढली, त्यामुळे हे घराणं आपल्याला शेतीमुळे आणि शाळेमुळे माहीत. कमलाबाईंचं स्वतःचं काम मात्र वेगळ्याच क्षेत्रातलं होतं. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात १९५० साली त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. आशियातली ती पहिली मानतात. दोन वर्षांनी या विषयाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता.

आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी या शास्त्राचा फार जवळचा संबंध आहे. डॉक्टर विचारतात, काय दुखतंय? व्यवसायोपचार करणारा विचारतो, सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तुम्ही काय काय करता, आणि त्यातलं काय आता जमेनासं झालंय? मग तो ते काम कुठे अडतंय हे बघतो. अडचण कधी गुडघ्यात असते, कधी भिंतीवरच्या बटणाच्या उंचीत असते. ऐंशीच्या आजींचा गुडघा पुन्हा तिशीतला होणार नाही, पण संडासातली बैठक वीतभर उंच करता येते. आई-वडिलांची सेवा घरी करायची असं ठरवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने घराकडे आधी याच नजरेने बघावं, असं मला फार वाटतं. कारण आपल्याकडे तयारीची सुरुवात नेमकी उलटीकडून होते. दवाखान्यातून घरी सोडायचा दिवस ठरला की पलंग भाड्याने आणतात, खोली रिकामी करतात आणि माणसाला त्यात ठेवतात. पलंग येतो तेव्हा माणूस पलंगाचा होऊन जातो.

ही गरज थोड्याथोडक्या घरांची राहिलेली नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले १० कोटी ३८ लाख लोक होते, आणि महाराष्ट्रात दर शंभरांत जवळजवळ दहा. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेलंय. फलटणसारख्या गावात त्यात आणखी एक पेच असतो. मुलं पुण्याला, मुंबईला किंवा परदेशात. आई-वडील कसब्यातल्या जुन्या घरात, मलठणमध्ये, नाहीतर लक्ष्मीनगर-कोळकीकडे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हौसेने बांधलेल्या बंगल्यात. ती घरं बांधली तेव्हा बांधणाऱ्याचे गुडघे चांगले होते.

सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली रोजच्या जगण्यातल्या सहा कामांची एक मोजपट्टी मांडली: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, बसल्या-निजल्या जागेवरून उठून दुसरीकडे जाणं, लघवी-शौचावर ताबा असणं आणि आपल्या हाताने जेवणं. त्यांना असं दिसलं की वय आणि आजार यांमुळे ही कामं साधारण याच क्रमाने सुटत जातात. अंघोळ आधी सुटते, घास तोंडात घालणं शेवटी. घर कुठून तयार करायला घ्यायचं याचं उत्तर या क्रमातच आहे. न्हाणीपासून घ्यायचं.

आपल्या न्हाण्या-बाथरूम बघा. जुन्या घरांत न्हाणी परसात, तिथे जायला दोन पायऱ्या उतरायच्या, खाली शहाबादी फरशी, वर्षानुवर्षांच्या साबणाने गुळगुळीत झालेली. नव्या बंगल्यात चकचकीत टाइल आणि दाराशी पाणी अडवायला चार बोटांचा उंचवटा. आत बादली जमिनीवर, त्यामुळे प्रत्येक तांब्याला वाकायचं. आधाराला म्हणून हात जातो तो टॉवेलच्या दांडीकडे, आणि ती दांडी टॉवेलाचं वजन पेलण्यासाठी बसवलेली असते, माणसाचं नव्हे.

इथे करायच्या गोष्टी साध्या आहेत. फरशी खरबरीत टाइलची करावी, निदान जमिनीला घट्ट चिकटणारी रबरी चटई घालावी. बसायला रुंद पायांचं, पायांना रबर असलेलं, पाठ टेकता येईल असं स्टूल हवं. प्लास्टिकचं हलकं स्टूल ओल्या फरशीवर सरकतं, ते काढूनच टाकावं. बादली एखाद्या ओट्यावर किंवा चौरंगावर ठेवली की वाकणं वाचतं. नळीचा शॉवर बसवला तर आणखी बरं. गरम पाण्यात गार मिसळण्याऐवजी आधी गार, मग गरम ही सवय लावावी, कारण म्हातारपणी कातडी पातळ होते आणि चटका उशिरा कळतो. दाराचं तर आवर्जून बघा. आत उघडणाऱ्या दारामागेच माणूस पडला तर दार त्याच्या अंगाला अडतं आणि बाहेरच्यांना आत शिरता येत नाही. दार बाहेर उघडेल असं फिरवून घ्यावं, किंवा सरकतं करावं, आणि कडी अशी लावावी की वेळ पडली तर बाहेरून काढता येईल. सुताराचं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

संडासातल्या उकिडव्या भांड्यावर बसणं ही गुडघ्यांची शेवटची परीक्षा असते. कमोड बसवता आला तर उत्तम, त्याची बैठक जमिनीपासून ४५ ते ५० सेंटिमीटर उंच असावी. तोडफोड नको असेल तर त्याच भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते. ती चाकांची असेल तर चाकांना ब्रेक आहेत ना हे बघून घ्यावं. भिंतीला पकडायची दांडी लावताना ती मुठीत मावेल अशी, ३२ ते ४० मिलिमीटर जाडीची घ्यावी, आणि भिंत व दांडी यांत बोटं सहज जातील पण कोपरापर्यंत हात घसरून अडकणार नाही एवढीच फट ठेवावी. जिथे बसायचं आणि जिथून उठायचं तिथे ती हवी. म्हणून जागेची खूण गवंड्याने करू नये. आजोबांना एकदा प्रत्यक्ष बसवून-उठवून, हात कुठे जातो ते पाहून तिथे खडूने रेघ मारावी.

जुन्या वाड्यांत इथे एक अडचण येते. ती आधी माहीत असली की पैसे वाचतात. मातीत रचलेल्या भिंतीत बोल्ट धरत नाही. वरचा गिलावा सिमेंटचा असल्याने भिंत पक्की दिसते, दांडी बसतेही, आणि ज्या दिवशी माणूस तिच्यावर भार टाकतो त्या दिवशी मातीसकट हातात येते. दांडी नाही हे माहीत असलेला माणूस जपून चालतो, खोट्या दांडीवर विसंबलेला पडतो. अशा ठिकाणी भिंतीवर भरवसा ठेवू नये. कमोडच्या दोन्ही बाजूंनी जमिनीवर उभी राहणारी लोखंडी चौकट घ्यावी, किंवा जमिनीत पाया घेऊन उभा खांब रोवावा. विटा-सिमेंटच्या भिंतीतही प्लास्टिकच्या खुंटीवर भागवू नये, अँकर बोल्टच हवा. बसवून झाल्यावर घरातल्या सगळ्यांत वजनदार माणसाने तिला लोंबकळून बघावं.

न्हाणी झाली की दार. आपल्या भागातल्या जुन्या घरांना जोतं असतं, दोन-अडीच फुटांचं. सोप्यातून रस्त्यावर यायला उंच दगडी पायऱ्या. चाकाची खुर्ची आली की कुणीतरी म्हणतं, रॅम्प करून टाकू. पण रॅम्पचा हिशेब कडक आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे आपल्या देशातलं सरकारी प्रमाणही आहे. अडीच फुटांच्या जोत्याला तीस फुटांचा रॅम्प लागेल, आणि पेठेतल्या बोळात तीस फूट कुठून आणायचे? जागा नाही म्हणून उभा रॅम्प करतात. तो पायऱ्यांपेक्षा धोक्याचा, कारण उतरताना खुर्ची ढकलणाऱ्याच्या हातून सुटते. जिथे जागा नाही तिथे जुन्या दोन पायऱ्यांमध्ये एकेक पायरी वाढवून प्रत्येकीची उंची सहा इंचांच्या आत आणावी आणि दोन्ही बाजूंना कठडा लावावा. दोन्ही बाजूंना का, तर पक्षाघात झालेल्या माणसाचा एकच हात चालतो. चढताना तो हात ज्या बाजूला असतो, उतरताना त्याच्या दुसऱ्या बाजूला येतो.

आतले उंबरे हा नाजूक विषय आहे. उंबऱ्यावर हळद-कुंकू वाहिलेलं असतं, रांगोळी असते, तो काढायचा म्हटलं की आजीच नको म्हणतात. मुख्य दाराचा ठेवावा. मधल्या खोल्यांचे काढता येत असतील तर काढावेत, नसतील तर दोन्ही अंगांनी लाकडी उतार द्यावा आणि उंबऱ्याला ठळक रंग द्यावा. पाय उचलायचा आहे हे डोळ्यांना आधी कळलं पाहिजे. साठीच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो, त्यात मोतीबिंदू असेल तर विचारायलाच नको. पांढऱ्या भिंतीवरचं पांढरं बटण, करड्या फरशीवरची करडी पायरी त्यांना खरोखरच दिसत नाही. आपण मात्र ‘जरा बघून चाला’ म्हणून ओरडतो.

आता रात्र. म्हातारी माणसं पडतात ती पुष्कळदा रात्री लघवीला उठताना. झोपेतून एकदम उभं राहिलं की रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. त्यांनी आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिट-दोन मिनिटं बसायचं, मग उठायचं. त्यासाठी पलंग अशा उंचीचा हवा की कडेला बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. जुने सागवानी पलंग फार उंच असतात, दिवाण फार बुटके. एकाचे पाय कापून घेता येतात, दुसऱ्याला लाकडी ठोकळे लावता येतात, मात्र ठोकळ्याला खाच हवी, नाहीतर पाय त्यावरून सरकतो. पलंगापासून संडासापर्यंत जमिनीलगत मंद दिवे हवेत आणि ते इन्व्हर्टरवर हवेत. वाटेतली सतरंजी, पायपुसणं, मोबाइलच्या चार्जरची वायर, दाराआड ठेवलेली पाण्याची कळशी, हे सगळं उचलावं. रात्री वाट फार लांब पडत असेल तर पलंगाशेजारी कमोड खुर्ची ठेवावी, आणि कुणी नाक मुरडू नये.

या बदलांनी फरक पडतो हे तपासून झालेलं आहे. कॉक्रेन या संस्थेने जगभरातले अभ्यास एकत्र करून २०२३ साली मांडलेला निष्कर्ष असा, की घरातले धोके शोधून दूर केले तर वयस्कांचं पडणं सुमारे २६ टक्क्यांनी कमी होतं, आणि ज्यांना पडण्याचा धोका मुळातच जास्त त्यांच्यात ३८ टक्क्यांनी. आपल्या माणसाला तो धोका किती, याचा अंदाज घरीही घेता येतो. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. याला बारा सेकंद किंवा जास्त लागले तर सावध व्हावं आणि डॉक्टरांशी बोलावं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने तर एक योजनाच आखली. म्हाताऱ्या माणसाच्या घरी नर्स, व्यवसायोपचार करणारा आणि दुरुस्तीची कामं करणारा कारागीर असे तिघे जातात, आणि काय दुरुस्त करायचं हे घरातली म्हातारी व्यक्ती सांगते. आपल्याकडे अशी टोळी तयार मिळणार नाही. पण ओळखीची सिस्टर, फिजिओथेरपिस्ट आणि गवंडी यांना एकाच दिवशी घरी बोलावून चहा पाजणं काही अवघड नाही.

त्या योजनेतलं शेवटचं कलम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. विचारायचं त्यांनाच. कोणत्या खोलीत राहायचं, हेसुद्धा. मुलं सोयीसाठी मागची शांत खोली निवडतात. तिथून रस्ता दिसत नाही, दूधवाला दिसत नाही, कुणी डोकावत नाही. फलटणचा उन्हाळा कडक, पर्जन्यछायेतलं गाव, त्यामुळे स्लॅबखालची वरची खोली तर नकोच. म्हातारपणी तहान लवकर कळत नाही आणि तापलेल्या खोलीत पडून राहिलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी कमी होतं. माजघर गार असतं, पण अंधारं. मला विचाराल तर तळमजल्यावरची, संडासाला जवळची आणि माणसांच्या वर्दळीतली खोली निवडावी, आणि दुपारी जाऊन पडायला चार पावलांवर माजघर असावं.

आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला येते. आयुष्यभर तिचं दर्शन घेतलेल्या आजींना विचारा, तुम्हाला काय करता यायला हवं? त्या ‘स्वतंत्रपणे वावरता यायला हवं’ वगैरे म्हणणार नाहीत. त्या म्हणतील, पालखीला बाहेर जाता आलं पाहिजे. एखाद्या आजोबांना रोज श्रीराम मंदिरापर्यंत जायचं असेल, कुणाला महानुभावांच्या मंदिरात, कुणाला जैन मंदिरात. पायरीची उंची, कठड्याची बाजू, ओट्यावर पाठ टेकायची खुर्ची हे सगळं त्या एका इच्छेवरून ठरवता येतं. स्वयंपाकघरातही तेच. पायाने अधू झालेल्या आजींना ‘तुम्ही आता आराम करा’ म्हणून बाहेर काढण्याऐवजी बसून भाजी निवडता येईल, शेंगा सोलता येतील अशी टेबल-खुर्ची ओट्याजवळ ठेवावी. हात चालता राहतो, आणि घरात आपला शब्द चालतो ही जाणीवही राहते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची तयारी वेगळी. तिथे दोन्ही बाजूंनी उभं राहता येईल असा पलंग भिंतीपासून सोडून ठेवावा लागतो. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. हवेची गादी मदत करते, कूस बदलण्याचं काम मात्र टळत नाही. विसरभोळेपणाचा आजार असेल तर गॅसचा कॉक, बाहेरचं दार आणि औषधांचं कपाट यांची व्यवस्था आधी करावी.

आणि जी मावशी किंवा ब्रदर सांभाळायला येणार, त्यांचाही विचार घर तयार करतानाच व्हावा. बारा किंवा चोवीस तास राहणाऱ्या बाईला पडायला जागा, संडास-बाथरूम, पोटभर जेवण आणि आठवड्याची सुट्टी लागते. सुट्टीच्या दिवशी कोण, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असावं. ओळखपत्र घेऊन पोलीस ठाण्यात नोंद करावी. पलंगाशेजारी एक वही ठेवावी: औषधं, लघवी-शौच, जेवण, रक्तदाब. पुण्याहून फोन करणाऱ्या मुलाला त्या वहीतून जेवढं कळतं तेवढं कॅमेऱ्यातून कळत नाही. कॅमेरा लावायचाच असेल तर आई-वडिलांना विचारून लावावा, न्हाणी आणि कपडे बदलायची जागा सोडून. दारामागे मोठ्या अक्षरांत नंबर लिहावेत: १०८ ची रुग्णवाहिका, घरचे डॉक्टर, शेजारी. एक किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी. रुग्णवाहिका बोळाच्या कुठल्या टोकापर्यंत येते आणि स्ट्रेचर जिन्यात वळतं का, हेही एकदा पाहून ठेवावं.

पैशाचं थोडक्यात. ७० वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरचे. न्हाणीतलं काम किंवा मावशींचा पगार त्यात बसत नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी ३ हजार रुपये मिळतात. घर मुलाच्या नावावर करण्याआधी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा माहीत असावा. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, त्यातल्या २३व्या कलमाने परत मागता येते. बक्षीसपत्रात ती अट लिहून घ्यावी. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा, आणि तो फलटणमध्येच होतो. ज्येष्ठांसाठीचा देशभरचा मोफत मदत क्रमांक १४५६७ आहे.

खुब्याचं हाड मोडून माणूस दवाखान्यात असताना घरात फरशी फोडायला घेणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, धावपळीत दांडी चुकीच्या भिंतीला लागते. तुमचे आई-वडील अजून आपल्या पायांनी न्हाणीत जात असतील तर गवंडी आत्ता बोलवा, आणि दांडी कुठे लावायची ते त्यांनाच दाखवू द्या.